हवेच्या दाबावरचं कागदी रॉकेट: पाइप फुटला, आता टाकी कशाची करू?

झेरॉक्सवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. इथे वाचतो नेहमी, लिहितो पहिल्यांदाच. मराठी इंदूरची आहे, मधूनच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

लोकमान्य नगराच्या बाजूला माझं झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. दुकानात रद्दी कागदाला तोटा नाही. बी.कॉम.च्या नोट्स, उलट्या छापल्या गेलेल्या मार्कशीट, फिक्या निघालेल्या प्रती, सगळं खोक्यात साठत जातं. भाची आठवीत आहे. शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं तेव्हा म्हणाली, "मामा, ज्वालामुखी नको, तो दर वर्षी चौघं करतात. आपण रॉकेट करू. बारूद नाही, नुसती हवा." मला पटलं. कागद घरचाच.

रॉकेट सोपं निघालं. अर्ध्या इंची पाइपवर कागद गुंडाळायचा, टेप लावायची, पुढे कागदाचंच टोक, मागे पत्त्याच्या जुन्या कॅटचे तीन पंख. खरं काम लाँचरचं. साडूचं देपालपूरकडे शेत आहे, तिथून ७५ मिमीचा राखाडी पाइपाचा तुकडा आणला, सव्वा मीटरभर. त्यावर "६ किलो" छापलेलं होतं म्हणून मी निर्धास्त. दोन्ही टोकांना टोप्या चिकटवल्या, एका टोपीत भोक पाडून स्कूटरच्या ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. बाजूने अर्ध्या इंची नळी काढली, मधे बॉल व्हॉल्व्ह, पुढे उभी नळी, तिच्यावर रॉकेट. पायाच्या पंपाने हवा भरायची, काट्यावर बघायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा.

पहिल्या रविवारी ३० पाउंडवर (म्हणजे दर चौरस इंचाला) रॉकेट समोरच्या कडुलिंबाच्या वर गेलं. त्यावर चालू खात्याची जमाखर्चाची बाजू छापलेली होती, ती खाली येईपर्यंत भाची टाळ्या वाजवत होती. मग काय, हाव सुटली. ४०. ४५. मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला छतावर ६० पाउंड भरले. भाची टेप आणायला खाली गेली होती.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. पत्र्यावर कोणी घण मारावा तसा. टोपी सुटून पाण्याच्या टाकीच्या स्टँडवर आदळली, पाइप उभा चिरला आणि त्याचे तुकडे उडाले. बोटाएवढा एक तुकडा जिन्याच्या दाराच्या चौकटीत घुसला. लाकडात. पकडीने ओढून काढावा लागला. मी नंतर चौकटीशी उभा राहून उंची बघितली. भाचीच्या हनुवटीइतकी.

बहीण आठ दिवस बोलली नाही. वर कॉलनीच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला की "छतावर कार्बाइड गन चालवणं बंद करा." अहो, कार्बाइडचा कणही नाही त्यात, नुसती हवा! पण ऐकतो कोण. २०२५ च्या दिवाळीत त्या पाइपाच्या बंदुकांनी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हापासून इंदुरात पाइप हातात घेतलेला माणूस दिसला की लोक दारं लावून घेतात.

तर प्रश्न असा. पाइपवर ६ किलो छापलेलं असताना, ६० पाउंड म्हणजे जेमतेम सव्वाचार किलोला तो फुटला कसा? पाइपच खराब होता, की मी चिकटवण्यात चूक केली? १० किलोचा जाड पाइप आणला तर चालेल का? प्रदर्शन जुलैअखेर आहे आणि भाचीने अजून नाद सोडलेला नाही.

दांडिया_बाजार (वडोदरा)

भिया, सगळे वाचलात हे नशीब. आमच्याकडे उत्तरायणात पतंग उडवताना छतावरून माणसं पडतात, तुम्ही छतच उडवायला निघालात.

पाइप १० किलोचा घ्या आणि वरून गोणपाट गुंडाळून त्यावर टेप मारा चांगली चार थर. फुटला तरी तुकडे आतच राहतील. आमच्या पोळातल्या (म्हणजे गल्लीतल्या) पोरांनी असंच केलं होतं, काही झालं नाही.

जुना_फिटर

वरचं गोणपाट विसरा. काही झालं नाही हा पुरावा नसतो, ते फक्त नशीब असतं.

मी पिथमपूरला एका कारखान्यात एकतीस वर्षं कॉम्प्रेसर रूम सांभाळली. नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. झेरॉक्सवाले भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पाइपवरच छापलेलं होतं, तुम्ही अर्धंच वाचलंत. त्यावर आयएस ४९८५ असा आकडा दिसला असेल. तो पाण्याच्या पाइपाचा आहे. ६ किलो म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला ६ किलो, पाण्याचे, आणि २७ अंश तापमानाला. हवेबद्दल त्या छापात एक अक्षर नाही.

आता तुमचा पाइप काढून बघू. शेतातून आणला म्हणजे उन्हात पडलेला होता. किती वर्षं? राखाडी पाइप उन्हात पडला की वरून पांढुरका होतो, नखाने खरवडला तर भुकटी निघते. तो आतून कडक आणि ठिसूळ झालेला असतो. नवा पाइप वाकतो, असा पाइप तडकतो. दुसरं, मे महिना, अकराची वेळ, इंदूरचं छत. राखाडी पाइपाला तिथे हात लावून बघा, लावता येणार नाही. पीव्हीसी तापला की ताकद सोडतो. पंचेचाळीस अंशाच्या आसपास छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावर येतो असं धरून चाला. म्हणजे तुमचे ६ किलो त्या सकाळी ३ उरले होते, आणि तुम्ही सव्वाचार भरले. तिसरं, चिकटवून किती वेळ ठेवलंत? घाईत दोन तासांत हवा भरली असेल तर माझं बोलणं इथेच संपतं. सॉल्व्हंट सिमेंटला पूर्ण एक दिवस द्या, पावसाळ्यात जास्त. चौथं, टोपीला भोक पाडून त्यात टायरचा व्हॉल्व्ह. त्या भोकाच्या कडेपासून चीर सुरू होते.

पण हे चारही दोष नसते तरी मी तुम्हाला पीव्हीसीत हवा भरू दिली नसती. कारखान्यात नवी टाकी आली की आम्ही तिची चाचणी पाण्याने घ्यायचो. पाण्याने भरायची, सगळी हवा काढून टाकायची, मग पंप मारायचा. दीडपट दाब. टाकी फुटलीच तर पाणी फिस्स करून बाहेर येतं, पायजमा भिजतो, झालं. हवेने चाचणी घेणारा एक हुशार सुपरवायझर मी पाहिला आहे. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.

लोखंडाची टाकी फुटताना फाटते, भडकन तुकडे होत नाहीत. पीव्हीसीचे सुरे होतात. आणि ते सुरे एक्स-रेमध्ये नीट दिसत नाहीत, हे मला कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

झेरॉक्सवाला_इंदूर

काका, चिकटवून तीन तास ठेवलं होतं. आणि पाइप दोन उन्हाळे शेडच्या पत्र्यावर होता. नखाने खरवडून बघितलं, पांढरी भुकटी निघाली. म्हणजे तुम्ही घरी न येता सगळं ओळखलंत.

भौतिकीच्या_बाई

दादा, तुमची गोष्ट उद्या वर्गात सांगणार आहे, नाव न घेता. फिटर काकांनी "पायजमा भिजतो" असं एका ओळीत सांगितलं, त्यामागचं गणित मला राहवत नाही म्हणून लिहिते.

आधी टोपी. पाइपचा आतला व्यास सुमारे ७० मिमी धरला तर टोपीचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटीमीटर होतं. दर चौरस सेंटीमीटरला ४.२ किलो. गुणाकार करा: १६० किलोपेक्षा जास्त. म्हणजे तीन तास वाळवलेल्या डिंकावर दोन माणसं आतून लाथा मारत होती.

आता साठलेली ऊर्जा. तुमच्या पाइपात साडेचार लिटर जागा होती. तेवढ्या जागेतली हवा त्या दाबावरून झटकन मोकळी झाली तर साधारण १,१०० ज्यूल बाहेर पडतात. आवाक्यात यावं म्हणून सांगते, दहा किलोची आट्याची थैली ११-१२ मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून खाली टाकल्यासारखं. तेवढ्याच पाइपात तेवढ्याच दाबाला पाणी असतं तर? पाणी दबतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून ऊर्जाही साठत नाही. हिशेब केला तर एका ज्यूलचा पाचवा भागसुद्धा येत नाही. फरक सहा हजार पटींचा आहे. काट्यावरचा आकडा मात्र दोन्हीकडे तोच. तुम्ही फसलात ते तिथे.

मुलांना मी सांगते, दाब म्हणजे स्प्रिंग किती ताणली ते, आणि आकारमान म्हणजे स्प्रिंग किती मोठी ते. तुम्ही फक्त ताण बघत होता.

यातून एक चांगली गोष्टही निघते. कागदाचं रॉकेट १० ग्रॅमचंही नसतं. ते वीस मीटर वर न्यायला दोन-तीन ज्यूल पुरतात, हवेचा विरोध आणि गळती धरली तरी दहा-वीस. तुम्ही अकराशे जमवून ठेवले होते. बाकीच्यांचं काम काय होतं?

नवखा०७

भारी विषय. मला पण बनवायचंय. पंपाची कटकट नको म्हणून विचारतो, पाइपात डिओ मारून लायटरने पेटवलं तर बटाटा लांब जातो म्हणे? कोणी केलंय का? किंवा कार्बाइड सियागंजात कुठे मिळेल?

लष्कर_ग्वाल्हेर

नवख्या, थांब. हा विषय हसण्यावारी नेऊ नकोस.

मी ग्वाल्हेरला नर्स आहे, नेत्र विभागात. २०२५ ची दिवाळी मी विसरणार नाही. दीड-दोनशे रुपयांना रस्त्यावर पाइपाच्या त्या गन मिळत होत्या, आईबाप स्वतः घेऊन देत होते. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, मागे गॅसचा लायटर असतो. कधीकधी कळ दाबली तरी लगेच पेट घेत नाही. मग पोरगं काय करतं? पाइपाच्या तोंडाला डोळा लावून आत बघतं. आणि तेव्हाच पेटतो. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, सगळीकडे तेच. पूर्ण मध्य प्रदेशात शंभरावर लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात बहुतेक लहान मुलं. काहींची नजर गेली ती गेलीच. नंतर सरकारने बंदी घातली.

आमच्याकडे एक मुलगा आला होता, नऊ-दहा वर्षांचा. पट्टी बांधताना एकच विचारत होता, "दीदी, मी बघितलं तेव्हा तर आत काहीच नव्हतं." बारा तासांची ड्युटी झाली होती, मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

झेरॉक्सवाले दादा, तुमची हवेची गोष्ट वेगळी आहे हे मला कळतं. पण तुमच्या अध्यक्षांवर रागावू नका. लांबून दोन्ही पाइप सारखेच दिसतात. आणि हवेच्या लाँचरातही तोच एक क्षण असतो, व्हॉल्व्ह फिरवला आणि रॉकेट गेलं नाही. तेव्हा कोणीही नळीवर वाकायचं नाही, आधी हवा सोडायची. भाचीला चष्मा घालायला लावा, सुताराचा पारदर्शक मिळतो तो.

भौतिकीच्या_बाई

ताई, मुद्द्याचं बोललात. नवखा, डिओ, पेट्रोल, कार्बाइड, काहीही पेटवायचं असेल तर इथे कोणी कृती सांगणार नाही, विचारू नकोस. आणि बटाट्याचंही ऐक. आपल्याकडे छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही तो साडेचार मिमीची नळी आणि २० ज्यूलपर्यंतच. पाइपातून बटाटा मारणारा माणूस ती रेघ कधी ओलांडतो ते त्याला स्वतःलाही कळत नाही. कागद उडव. कागद डोक्यावर पडला तर डोकं फुटत नाही.

नवखा०७

ओके मॅडम. सॉरी. कागदच उडवतो.

डेलावेअरकर

मी मूळचा इंदूरचा, रामबागेतला. आता बरीच वर्षं अमेरिकेत डेलावेअरला आहे. विषय बघून राहवलं नाही.

इथे १९८६ पासून भोपळे फेकायची स्पर्धा व्हायची. हसू नका. हॅलोविन संपला की भरायची. गोफणी, चाकं, आणि सगळ्यात मोठा वर्ग हवेच्या तोफांचा. ट्रेलरवर चढवलेल्या, तीस-तीस मीटर लांब नळीच्या तोफा मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्या भोपळा किलोमीटरच्याही पुढे टाकायच्या. वेल्डिंग येणारे, ट्रकची दुरुस्ती करणारे शेतकरी, सगळे हौशी पण पक्के कामाचे. सुट्टीच्या दिवशी बायकापोरांसह खुर्च्या टाकून बसायचे.

२०१६ ला एका तोफेचा धातूचा भाग दाबाने सुटून उडाला आणि चित्रीकरण करायला आलेल्या बाईंच्या डोक्याला लागला. त्या फार गंभीर जखमी झाल्या. पुढे कोर्टकचेरी, विमा, आणि स्पर्धा पहिल्यासारखी राहिली नाही. ती टाकी पोलादाची होती, माणसं अनुभवी होती. म्हणून फिटर काका जे सांगताहेत ते मनावर घ्या.

अवांतर: आपल्या इंदूरच्या छप्पन दुकानांवर अजून सकाळी पोहे मिळतात ना? सेंव इथे मिळते, पण ती सेंव नव्हे.

जुना_फिटर

डेलावेअरकर, पोहे मिळतात, पण आता तिथे फोटो काढणारे जास्त आणि खाणारे कमी.

झेरॉक्सवाले भाऊ, १० किलोच्या पाइपबद्दल विचारलं होतंत. नाही. जाड पाइपाने फक्त फुटायचा आकडा वर जातो, आणि तुम्ही त्याच्या मागोमाग जाल. तुम्ही ३० वर थांबला होता का? तुमचाच शब्द, हाव सुटली.

साठवलेल्या हवेचंच काम करायचं असेल तर हवेसाठी बनलेली टाकी घ्या, म्हणजे लहान कॉम्प्रेसरची, कंपनीची, सेफ्टी व्हॉल्व्हसकट. तो व्हॉल्व्ह म्हणजे डोक्याला छोटी कडी असते तो, महिन्यातून एकदा ओढून बघायचा, हवा फस्सकन निघाली पाहिजे. टाकीच्या पोटाला खाली एक नळ असतो, त्यातून पाणी काढायचं. हवेतला दमटपणा आत पाणी होऊन साचतो आणि टाकी आतून गंजते, बाहेर रंग चकाचक. म्हणून पंक्चरवाल्याची जुनी टाकी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, आत काय झालंय ते मलाही ठोकून सांगता येणार नाही. जुना गॅस सिलिंडर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, आग विझवायच्या नळकांड्याची रिकामी टाकी, हे तर अजिबात नको. दर सहा महिन्यांनी कोणीतरी हुशार माझ्याकडे यातलं एक घेऊन येतो.

पण खरं सांगू? तुमच्या कामाला टाकीच नको. बाईंनी हिशेब केलाच आहे. दोन-तीन ज्यूल पाहिजेत तर ते भाचीच्या पायात आहेत.

झेरॉक्सवाला_इंदूर

पायात म्हणजे? काका, नीट सांगा.

जुना_फिटर

माझ्या नातवासाठी केलं होतं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली आडवी ठेवायची. तिच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा चढवायचा, तारेने आवळायचा. ट्यूबचं दुसरं टोक अर्ध्या इंची पाइपला, तो पाइप जमिनीवरून जाऊन शेवटी एल्बोने वर वळलेला, खाली फळीला पक्का. त्यावर रॉकेट. बाटलीवर उडी मारायची, झालं. व्हॉल्व्ह नाही, काटा नाही, हवा कुठेच साठून राहत नाही. वाट नळीतून बाहेरच आहे, त्यामुळे भलता दाब चढतच नाही. इथे पीव्हीसी चालतो, कारण तो टाकी नाही, नुसती वाट आहे.

बाटली चपटी झाली की नळीच्या टोकाभोवती मूठ करून तोंडाने फुंकायचं, परत फुगते. आठ-दहा उड्यांनी बाटली घडीवर चिरते, दुसरी लावायची. बाटली सोड्याचीच घ्या, पाण्याची नको, ती पातळ असते.

एक सूचना. रॉकेट नळीवर सैल पाहिजे, फुंकर मारली तर सरकलं पाहिजे. मुलं घट्ट करतात, म्हणजे हवा निसटणार नाही असं त्यांना वाटतं. मग सगळा जोर घासण्यातच जातो.

भौतिकीच्या_बाई

वा, काका! आणि दादा, प्रदर्शनात परीक्षक "किती उंच गेलं?" विचारणारच, तर उत्तर तयार ठेवा. कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधा, दोऱ्याला नट. हा झाला ओळंबा. भाचीने लाँचरपासून २५ मीटरवर उभं राहायचं, कोनमापकाच्या सरळ कडेवरून रॉकेटचं सर्वांत वरचं टोक बघायचं आणि दोरा पकडायचा. दोरा ९० पासून जितका सरकला तितका कोन. त्याच्या टॅनला २५ ने गुणा, डोळ्यांची उंची मिळवा.

घड्याळ लावून वेळ मोजणारे असतात, पण कागद उतरताना तरंगतो, उंची फुगवून सांगतो. कोनच बरा.

रॉकेट कोलांट्या मारत असेल तर नाकात थोडी क्ले भरा. मधोमध दोरा बांधून, जिथे ते आडवं तोललं जातं तिथे, डोक्याभोवती फिरवून बघा. नाक पुढे ठेवून फिरलं तर सरळ उडेल. शेपूट पुढे आली तर क्ले वाढवा किंवा पंख मोठे करा.

दांडिया_बाजार (वडोदरा)

मी गोणपाट मागे घेतो. पोळातल्या पोरांनाही हा दुवा पाठवला. त्यांचा पाइप अजून छतावर उन्हातच होता, आज भंगारात घातला.

झेरॉक्सवाला_इंदूर

मंडळी, उशीर झाला, पण कळवतो.

लाँचर काकांच्या सांगण्याप्रमाणे केला. खर्च नावाला: एक एल्बो, एक पाइपाचा तुकडा, पंक्चरवाल्याने फुकट दिलेली ट्यूब. बाटल्या अध्यक्षांच्या घरच्या लग्नातून मिळाल्या, पोतंभर. मीच मागायला गेलो आणि त्यांना दाराशीच करून दाखवलं. आधी चष्मा घातला, मग उडी मारली. ते म्हणाले, "एवढंच? मग त्या दिवशी कसला आवाज झाला होता?" मी खरं ते सांगितलं. चौकटीतलं भोकही दाखवलं. त्यानंतर त्यांचा नातूच रोज संध्याकाळी खाली उभा असतो.

दशहरा मैदानावर सकाळी सहाला जातो, क्रिकेटवाले यायच्या आत. पहिल्या दिवशी रॉकेट नुसती कोलांट्या. बाईंच्या सांगण्यावरून दोरा बांधून फिरवलं, शेपूट पुढे! नाकात क्ले घातली, हरभऱ्याएवढी. मग गेलं सरळ. भाचीच्या वहीतली नोंद जशीच्या तशी: "उडी माझी, वजन ४१ किलो. कोन ३८. २५ × ०.७८ = १९.५, डोळा १.४. एकूण २०.९ मीटर. मामाची उडी, वजन लिहू दिलं नाही, कोन ४४." माझी साडेपंचवीस मीटर झाली, पण बाटली पहिल्याच उडीत फुटली, ते तिने ठळक अक्षरात लिहिलंय.

फुटलेल्या पाइपाचा तो बोटाएवढा तुकडा आणि टोपी एका पुठ्ठ्यावर लावली आहे. शेजारी १६० किलोचा गुणाकार तिच्या अक्षरात. प्रदर्शनात लाँचरच्या बाजूला ठेवणार आहे. बहीण म्हणाली, तो पुठ्ठा पहिला ठेव.

आता एकच अडचण. बाटलीच्या तोंडापाशी ट्यूब सटकते, दहापैकी तीनदा. तार आवळली तर ट्यूबच कापली जाते. काका, काय करू?

जुना_फिटर

तार काढा. गॅसच्या रबरी नळीला लावतात ती क्लिप आणा, स्क्रूची, बाटलीच्या तोंडाच्या मापाची. खाली ट्यूबचीच एक पट्टी गुंडाळा म्हणजे रबर कापलं जाणार नाही. क्लिप बाटलीच्या आट्यांवर नको, त्याच्या मागे जी कड असते तिच्या मागे बसवा.

आणि तुमचं वजन लिहा वहीत. त्याशिवाय २५ मीटरला अर्थ नाही.